चोरलेली जात, न चोरलेले शब्द

१

बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्याला आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. दलित साहित्यावरचा लेख या संग्रहाचे नाव घेतल्याशिवाय सहसा पुढे सरकत नाही. परंतु नाव घेतले जाणे वेगळे आणि वाचले जाणे वेगळे. परीक्षेच्या टिपणात बागूल एका ओळीत बसतात : विद्रोहाचे कथाकार. विद्यार्थी ती ओळ पाठ करतो, प्राध्यापक तिला गुण देतो आणि पुस्तक मिटलेलेच राहते. हा दोष माझाही आहे, म्हणून हा लेख.

मी गगनबावड्याच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा हा तालुका. येथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. पावसाळ्यात दहा पावलांवरचा माणूस दिसू नये इतके धुके असते. माझे वडील याच घाटरस्त्यावर मैलकुली होते. दरड आली की पहार आणि घमेले घेऊन, इरले पांघरून, भर पावसात निघत. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. पदव्युत्तर वर्गात मी अमेरिकन कथा शिकलो आणि तिच्याबरोबर एक मापही घेऊन आलो : चांगला कथाकार कमी बोलतो, तो प्रसंग उभा करतो आणि बाजूला होतो, आक्रोश करणे हे कच्च्या लेखकाचे लक्षण. या मापाने मी वर्षानुवर्षे मुलांना कथा मोजायला शिकवले. या मापात बागूल बसत नव्हते. म्हणून मी त्यांना 'महत्त्वाचे' म्हणत असे, आणि 'चांगले' म्हणण्याचे टाळत असे. विद्यापीठीय भाषेत हा अपमान फार सभ्य समजला जातो.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडून पदवी घेऊन शहरात पुढे शिकायला गेलेला एक विद्यार्थी भेटायला आला. खोली मिळाली का, असे मी विचारले. तो म्हणाला, "मिळाली की सर. पर आडनाव जरा चोरूनच सांगितलंय." हे तो हसत म्हणाला. मी हसलो नाही. माझे आडनाव या जिल्ह्यात उच्चारले की पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही; त्याचेही तेच आहे. त्याने गावाच्या नावाला 'कर' लावले होते. त्याने बागूल वाचलेले नव्हते. तरी त्याच्या तोंडी जो शब्द सहज आला, तो बागुलांचा होता. त्या रात्री मी पुस्तक पुन्हा काढले.

२

प्रथम त्या शब्दाकडेच पाहू. या कथेची इंग्रजीत एकाहून अधिक भाषांतरे झाली आहेत. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या आणि १९९२ साली निघालेल्या संकलनात ती आहे. पुढे जेरी पिंटो यांनी सबंध संग्रहच इंग्रजीत नेला. दोन्ही ठिकाणी शीर्षकात 'लपवली' या अर्थाचा शब्द आहे. भाषांतरकारांचा इलाज नव्हता, कारण इंग्रजीत माणूस स्वतःची वस्तू चोरू शकत नाही. मराठीत चोरू शकतो.

मराठीत आपण अंग चोरतो, नजर चोरतो, काम चोरतो. या सर्व ठिकाणी चोरलेली वस्तू दुसऱ्याची नसते. ती आपलीच असते. आपण ती आखडून घेतलेली असते. म्हशी-गाई पाळणाऱ्या आमच्या भागात आणखी एक प्रयोग रोजचा आहे : गाय पान्हा चोरते. परका हात लागला की ती दूध वर ओढून घेते. दूध तिचेच असते, वासरासाठी राखलेले असते, तरी धार काढणारा त्याला चोरी म्हणतो. कारण त्याच्या मते त्या दुधावर त्याचा हक्क आहे.

'जात चोरली' या शब्दांत हे सारे एकवटले आहे. आमच्या आजोबांची पिढी वाटेवर सवर्ण दिसला की अंग चोरून उभी राहत असे. त्या वेळी ही चोरी हा शिष्टाचार होता. ती केली नाही तर मार पडे. नातवाने शहरात जाऊन जात चोरली तर तो गुन्हा ठरतो आणि ती केल्याबद्दल मार पडतो. म्हणजे अंग चोरायचे आणि जात मात्र उघडी ठेवायची, हा या व्यवस्थेचा नियम. बागुलांच्या नायकाने हा नियम उलटा केला. त्याने जात आखडून घेतली आणि अंग मोकळे सोडले. त्या मोकळेपणाची जी किंमत त्याने मोजली, ती ही कथा.

३

या कथेला एक पूर्वकथा आहे आणि ती इतिहासात घडलेली आहे. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर बडोद्यास नोकरीसाठी गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनमधले शिक्षण अर्धे सोडून, संस्थानाच्या शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे ते आले होते. नोकरी होती, राहायला जागा नव्हती. हिंदूंच्या खाणावळीत खोटे नाव सांगितल्याशिवाय प्रवेश नव्हता. ते एका पारशी धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी होती. तेथला रखवालदार नोंदवहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर त्यांना ठेवून घेण्यास राजी झाला. रोजचा दर दीड रुपया. अकराव्या दिवशी सकाळी दहाबारा पारशी हातांत काठ्या घेऊन जिन्यावर उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. ओळखीच्या दोघांकडे विचारून झाले. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. अमेरिकेत शिकलेला तो विद्वान सार्वजनिक बागेत काही तास बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला.

ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ती आठवण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने छापली. त्या लेखनात नोंदवहीतल्या खोट्या नावाबद्दल सारवासारव नाही, लाजही नाही. काय झाले ते सांगितले आहे. नाव चोरावे लागले हे सांगताना बाबासाहेबांनी शब्द चोरले नाहीत. माझ्या मते बागुलांच्या कथेचे मूळ तत्त्व हेच आहे.

याच सुमारास आमच्या कोल्हापुरात याच्या उलट एक गोष्ट घडली. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल बेदम मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना मदत करून भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढायला लावले आणि स्वतः गाडी थांबवून, बरोबरच्या सवर्ण मंडळींसह, तेथे चहा घेण्याचा परिपाठ ठेवला. गंगाराम कांबळ्यांना जात चोरावी लागली नाही. जात उघड ठेवून ते दुकानात उभे राहिले, कारण त्यांच्या पाठीशी राजा उभा होता. १९२० च्या मार्चमध्ये माणगाव परिषदेत तोच राजा तरुण बाबासाहेबांना आपल्या समाजाचे पुढारी म्हणून पुढे करीत होता. १९२२ साली महाराज गेले. प्रत्येक गावात आणि प्रत्येक पिढीत राजा पाठीशी असत नाही. मग उरतो तो नोंदवहीचा मार्ग.

४

बागुलांचा जन्म १७ जुलै १९३० रोजी नाशिकजवळच्या विहितगावचा. लहानपणीच ते मुंबईत माटुंगा लेबर कॅम्पात आले. आंबेडकरी चळवळ आणि कामगार चळवळ या दोन्हींचे वारे त्या वस्तीतून वाहत होते. शाहीर अण्णाभाऊ साठे यांचा वावरही तेथलाच. पुढे बागूल रेल्वेच्या नोकरीनिमित्त सुरतेकडे गेले आणि तेथे जागेसाठी जात चोरण्याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला. तो सहन झाला नाही, म्हणून ती नोकरीही टिकली नाही.

कथेतला नायक सुरतेजवळ उधन्याला रेल्वेत कामाला लागतो. तो तरुण आहे, कवी आहे, नव्या स्वतंत्र देशाविषयी त्याच्या मनात उत्साह आहे. त्याला जागा हवी आहे. जागा मिळवून देणारा 'तुम्ही कोण?' असे विचारतो तेव्हा तो उत्तर टाळतो आणि आपण मुंबईचे, असे सांगतो. समोरचे लोक आपल्या सोयीचा अर्थ घेतात. त्याला खोली मिळते, मान मिळतो. त्याच्या कवितेवर माणसे लुब्ध होतात, त्याला घरी जेवायला बोलावतात. तेथेच काशिनाथ नावाचा दुसरा एक महार तरुण आहे. तो जात चोरत नाही. तो उघड राहतो, म्हणून रोज अपमान सोसतो आणि रोज भांडणाच्या तयारीत असतो. शेवटी नायकाची जात उघडी पडते. कालपर्यंत ज्यांनी त्याला जवळ केले, तीच माणसे त्याला मारतात. काशिनाथ येतो आणि त्याला त्यातून सोडवतो. मार खाल्लेला नायक काशिनाथला जे सांगतो त्याचा आशय असा की, मला या माणसांनी मारलेच नाही. मला मनूने मारले.

बडोदे १९१७ आणि उधना १९६३. मध्ये राज्य बदलले. १९५० साली संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली. १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदा आला. १९५६ साली नागपूरला धर्मांतर झाले. काठ्या मात्र त्याच राहिल्या. धर्मशाळा आणि पाणवठा कायद्याने खुला करता येतो; भाड्याच्या खोलीचे दार आतून बंद असते. कायद्याची आणि घरमालकाच्या 'तुमचं गाव कोणतं?' या गोड प्रश्नाची कधी गाठ पडत नाही. ही फट बागुलांनी १९६३ साली पाहिली. ती अजून बुजलेली नाही, हे आमच्या त्या विद्यार्थ्याने हसत सांगितले.

५

आता ही कथा मराठी कथेच्या इतिहासात कोठे उभी आहे ते पाहावे लागेल.

गगनबावडा ही पंत अमात्यांची जहागीर. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले 'आज्ञापत्र' हा अठराव्या शतकातल्या मराठी गद्याचा नमुना म्हणून आपल्याला शिकवला जातो. ते गद्य भारदस्त आहे यात शंका नाही. परंतु ते आज्ञा करणाऱ्याचे गद्य आहे. आज्ञा झेलणाऱ्याला लेखी मराठीत बोलायला १८५५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. १८८८ साली गोपाळबाबा वलंगकरांचे 'विटाळ विध्वंसन' आले. पुढे 'जनता'सारख्या पत्रांतून बंधुमाधव यांच्यासारखे कथाकार लिहू लागले. शंकरराव खरात आले. आणि वाटेगावच्या अण्णाभाऊंनी तर कथा गावोगाव नेली.

दुसऱ्या बाजूला, गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांची नवकथा १९४५ नंतर बहरली होती. यांपैकी व्यंकटेश माडगूळकरांनी गावकुसाबाहेरच्या माणसाकडे खऱ्या आपुलकीने पाहिले. १९४९ च्या 'माणदेशी माणसं'मध्ये 'रामा मैलकुली' आहे, 'शिदा चांभार' आहे, 'गणा महार' आहे. मैलकुलीच्या मुलाला हे पुस्तक परके वाटणे शक्य नाही. मला ते आवडते. परंतु शीर्षके पुन्हा वाचावीत. नावाला जात जोडलेली आहे, जशी गावात जोडलेली असते. लेखकाने ती हिणवण्यासाठी जोडलेली नाही. गाव ज्या नावाने हाक मारते, त्याच नावाने त्याने हाक मारली. आणि हाक मारणारा नेहमी दुसरा असतो.

चौदा वर्षांनी बागुलांच्या शीर्षकात काय झाले? तेथे नाव नाही. तेथे 'मी' आहे. 'गणा महार' या दोन शब्दांतला महार नाहीसा झाला, कारण त्याने जात चोरली. आणि गणाही नाहीसा झाला, कारण आता तो स्वतःच बोलतो आहे. मराठी कथेत ज्याचे वर्णन होत होते, तो वर्णन करायला बसला. हे स्थित्यंतर चौदा वर्षांत झाले. कथेच्या इतिहासात याला एखाद्या तंत्राच्या शोधाइतके तरी महत्त्व द्यायला हवे होते. आपण त्याला 'अनुभवाची दाहकता' म्हणून टाकले आणि मोकळे झालो.

६

बागुलांच्या शैलीवरचा जुना आक्षेप असा की ती भडक आहे. वाक्ये लांब आहेत, विशेषणांवर विशेषणे चढतात, पुराणातल्या प्रतिमा झोपडपट्टीच्या शिवीशेजारी येऊन बसतात, माणसे आकाराने मोठी होतात, रात्री आणखी काळ्या होतात. 'काळोखाचे कैदी', 'गुंड', 'वाटेवरची', 'विद्रोह' या कथांतून हा आवाज सतत वरच्या पट्टीत लागलेला असतो. मीही वर्गात हा आक्षेप शिकवला आहे, आणि त्याच्या समर्थनार्थ अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर याचे उदाहरण दिले आहे.

कार्व्हर १९३८ साली जन्मला, १९८८ साली वारला. बाप लाकडाच्या गिरणीत कामगार. तो स्वतः पडेल ती कामे करीत लिहिता झाला. त्याच्या कथांतली माणसे बेकार, कर्जात बुडालेली, दारूने पोखरलेली. इतक्या हालांतही लेखक एक चढा शब्द काढत नाही, पाहा, असे मी मुलांना सांगत असे. नंतर मला पुढची हकीकत समजली. ज्या १९८१ च्या संग्रहाने त्याची मितभाषी म्हणून कीर्ती झाली, त्याचे हस्तलिखित संपादक गॉर्डन लिश याने कापून जवळजवळ अर्ध्यावर आणले होते. १९८० च्या जुलैमध्ये कार्व्हरने त्याला पत्र लिहून हे पुस्तक थांबवावे अशी विनवणी केली होती. पुस्तक थांबले नाही. कार्व्हरच्या मृत्यूनंतर, २००९ साली, मूळ न कापलेल्या कथा प्रसिद्ध झाल्या. त्यांतली माणसे जास्त बोलतात, जास्त रडतात, एकमेकांना जास्त धरून असतात. म्हणजे ज्या संयमाचे माप घेऊन मी बागुलांना मोजत होतो, तो संयम बऱ्याच अंशी संपादकाच्या पेन्सिलीचा होता.

यावरून संयम खोटा, असे मी म्हणत नाही. एडवर्ड पी. जोन्स हा आजचा कृष्णवर्णी अमेरिकन कथाकार आहे. त्याची आई निरक्षर. भांडी घासून तिने मुले वाढवली. १९९२ च्या त्याच्या पहिल्या संग्रहात एक लहानशी कथा आहे. आई मुलीला शाळेत पहिल्या दिवशी घेऊन जाते. नटवून, वेणी घालून, जय्यत तयारीने. शाळेत एक अर्ज भरायचा असतो. आईला वाचता येत नाही. ती दुसऱ्या एका बाईला अर्ज भरून द्यायला सांगते. कथेत याहून मोठे काही घडत नाही. कुणी मारत नाही, कुणी ओरडत नाही. माझ्या वडिलांनी माझ्या शाळेच्या अर्जावर अंगठा उठवला होता आणि नंतर तो धोतराला पुसला होता. तो पुसण्याचा क्षण मला जोन्सच्या त्या शांत कथेने परत दिला. तेव्हा हलका आवाज हा केवळ वरच्यांचा असतो, असे म्हणणे चुकीचे ठरेल.

मग फरक कशात आहे? जोन्स हळू बोलतो, कारण त्याने तसे ठरवले आहे. कार्व्हरकडून ते दुसऱ्याने करून घेतले. आणि दलित लेखकाकडून हळू बोलण्याची अपेक्षा केली जाते, तेव्हा ती मागणी जुन्या ओळखीची असते. अंग चोरून उभे राहा, हीच ती मागणी. फक्त आता ती वाङ्मयीन भाषेत येते. बागूल ही मागणी नाकारतात. त्यांच्या नायकाला खोलीसाठी जात आखडून घ्यावी लागली. निदान कागदावर तरी काही आखडून घ्यायचे नाही, असा त्यांचा निर्धार त्यांच्या प्रत्येक लांब वाक्यात दिसतो. त्या वाक्यांना धाप लागते, कारण ती दीर्घकाळ श्वास रोखून बसलेल्या माणसाची आहेत.

कृष्णवर्णी लेखकांत रिचर्ड राइट याने हेच वेगळ्या वाटेने ओळखले होते. १९३८ च्या आपल्या पहिल्या कथासंग्रहावर सावकारांच्या मुलीही रडल्या आणि रडून मोकळ्या झाल्या, हे पाहून त्याने ठरवले की पुढचे पुस्तक असे लिहायचे की त्यावर कुणाला रडण्याची सवलत मिळू नये. १९४० साली आलेली 'नेटिव्ह सन' ही कादंबरी त्या निश्चयातून झाली. बागुलांची कथाही वाचकाला रडून मोकळे होऊ देत नाही. तो भडकपणा वाचकाच्या अंगावर येतो, वाचक वैतागतो. पण हळहळून पुस्तक मिटण्याची सोय त्याला उरत नाही.

७

आपल्याच माणसाचे दोष झाकणे हा त्याचा सन्मान नव्हे. बागुलांच्या कथेत काही ठिकाणी आवाज प्रसंगाच्या पुढे धावतो. स्त्री कधी अतिशय दाहक होते, कधी प्रतीक होते. साधी, दमलेली, हिशेबी बाई क्वचित दिसते. ती उणीव पुढे उर्मिला पवारांसारख्या लेखिकांनी भरून काढली आणि ती त्यांनी आपल्या स्वतःच्या, मिश्किल आणि खालच्या स्वरात भरून काढली, हेही विसरता कामा नये.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न त्या प्रसिद्ध शेवटाविषयी आहे. मनूने मारले, हे खरे. हजारो वर्षांची व्यवस्था हातातून बोलते, हे समजल्यामुळे नायक व्यक्तिगत सूडाच्या पलीकडे जातो. त्याला मारणाऱ्यांतही फसलेली माणसे दिसतात. हा मोठेपणा आहे. पण मनूला अटक होत नाही. काठी धरणारा हात जिवंत माणसाचा असतो, त्याला नाव असते, पत्ता असतो. 'व्यवस्था वाईट आहे' असे सारेच म्हणू लागले की घरमालकही तेच म्हणतो आणि खोली मात्र देत नाही. बागुलांना हे कळत नव्हते असे मला वाटत नाही, कारण त्यांनी त्याच कथेत काशिनाथ उभा केला आहे. काशिनाथ मनूशी वाद घालत नाही. तो दारात येऊन आपल्या माणसाला बाहेर काढतो. कथेतला कवी व्यवस्थेचे नाव सांगतो आणि काशिनाथ त्याचा जीव वाचवतो. दोघांपैकी एकटा कुणीही पुरेसा नाही. बागुलांनी दोघांना एकाच कथेत ठेवले, आणि आपण मात्र भाषणांत फक्त कवीचे वाक्य घेतले.

८

संग्रहानंतर बागुलांचा 'मरण स्वस्त होत आहे' हा संग्रह १९६९ साली आला. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली आणि तिच्यातल्या अनेक लेखकांना बागुलांची भाषा वाटाड्यासारखी वाटली. २६ मार्च २००८ रोजी ते नाशिकला वारले. हा तपशील परीक्षेत येतो. जे परीक्षेत येत नाही, ते सांगून मी थांबतो.

विद्यार्थी भेटून गेल्यानंतरच्या आठवड्यात मी ती कथा वर्गात मोठ्याने वाचली. इंग्रजीचा तास होता. तरी मराठीत वाचली. बाहेर पाऊस इतका होता की पत्र्यावरच्या आवाजात माझा आवाज बुडत होता, आणि मला वरच्या पट्टीत वाचावे लागले. त्या कथेला तीच पट्टी लागते, हे मला वाचताना समजले. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही कधी चोरलीया?"

अमेरिकेतल्या गोऱ्या दिसणाऱ्या कृष्णवर्णी माणसाला वर्णाची रेषा ओलांडता येत होती. त्यावर तेथे कथा-कादंबऱ्या झाल्या, आणि १९१२ साली जेम्स वेल्डन जॉन्सन याने तर तसल्या माणसाच्या आत्मकथनाच्या रूपातली कादंबरी स्वतःचे नाव न घालता छापली. आपल्याकडे कातडीवर काही लिहिलेले नसते. आपली रेषा जिभेवर असते : आडनाव, गाव, गल्ली, देव, जेवण. म्हणून आपल्याला ती रोज ओलांडता येते आणि रोज पकडले जाण्याची भीती असते. हे विद्वत्तेचे उत्तर माझ्याजवळ तयार होते. मुलीने ते विचारले नव्हते.

मी तिला खरे सांगितले. पदव्युत्तर शिक्षणाच्या दोन वर्षांत मी एका शहरात एका खोलीत राहिलो. घरमालकिणीला मी फक्त पहिले नाव आणि वडिलांचे नाव सांगितले होते. त्या मला 'बाळ' म्हणत. सणाला ताट वाढत. एकदा गावाहून वडील आले. मी त्यांना खोलीवर नेले नाही. बसस्थानकावरच बसवले, चहा पाजला, आणि परतीच्या गाडीत बसवून दिले. त्यांनी काही विचारले नाही. जाताना पिशवीतली नाचणीची भाकरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "अभ्यास कर." त्या बाईंनी मला कधी मारले नाही, हाकललेही नाही. जात चोरण्यात मी यशस्वी झालो. बागुलांचा नायक पकडला गेला, त्याचे दुःख त्यांनी लिहिले; जो पकडला गेला नाही, त्याची कथा अजून लिहायची आहे. माझ्या बाबतीत अंग चोरून बसस्थानकाच्या बाकावर बसला तो माझा बाप.

वर्ग गप्प होता. मग त्या मुलीने वही उघडली. मी विचारले नाही ती काय लिहिते आहे. मी एवढेच सांगितले की लिहिताना माप घेऊन बसू नका. आवाज चढला तर चढू द्या. कापायला पुढे पुष्कळ पेन्सिली भेटतील. पहिला खर्डा तरी न चोरता लिहा.